आयटीआयमधून आयुध निर्माणीत किंवा गोदीत: कोणता ट्रेड घ्यावा?

वरणगावजवळच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा यंदा दहावी झाला, ६८ टक्के पडले. आयटीआयला जायचं म्हणतोय. फिटर घ्यावा, वेल्डर घ्यावा की एओसीपी (केमिकल प्लांटच्या ऑपरेटरचा ट्रेड)? आयुध निर्माणीत किंवा माझगाव गोदीत कायम लागेल का? की सरळ डिप्लोमाला घालावं? आणि तो डावखुरा आहे, मशीनवर अडचण येईल का?"

ताई, आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते तुम्हालाच ठरवता येईल. मी दहावीनंतर १९८०च्या दशकात मुंबईतल्या एका गोदीत शिकाऊ म्हणून लागलो. वेल्डिंगच्या गँगमध्ये बरीच वर्षं काढली आणि शेवटची पंधराएक वर्षं शिकाऊ पोरांना शिकवण्यात गेली. त्यामुळे माझा कल वेल्डिंगकडे आहे, ते गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सगळ्यात अवघड प्रश्न 'कायम'चा, म्हणून तोच आधी घेतो. आयटीआय झालं, निर्माणीत शिकाऊ म्हणून वर्ष काढलं, म्हणजे नोकरी पक्की, असं आपल्याकडे अजून घरोघरी समजतात. वडिलांच्या किंवा मामाच्या वेळी तसं झालंही असेल. पण १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा तसं कधीच म्हणत नव्हता. कलम २२ मुळे मालकावर शिकाऊला नोकरी देण्याचं बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेनं शिकाऊंना घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवावं एवढंच आलं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा एक निकाल आहे, उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाचा. बाकी सगळं सारखं असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलंय. प्राधान्य आणि हमी यांत फरक आहे. तो फरक न कळल्यामुळे गेटसमोर उपोषणाला बसलेली पोरं मी पाहिली आहेत.

त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून चित्र आणखी बदललं. जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. तुमच्या दाराशी असलेली वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. खडकी, देहूरोड, भंडारा आणि चांदा म्हणजे भद्रावती याही तिकडेच, आणि त्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे. भुसावळ, अंबरनाथ आणि नागपूरची अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेल्या, त्याचं मुख्यालय नागपुरात. म्हणजे वरणगाव आणि भुसावळ मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर असले तरी आता दोन वेगळ्या कंपन्या आहेत. जाहिरात वेगळी, संकेतस्थळ वेगळं. एकीचं पाहत बसलात तर दुसरीची तारीख निघून जाईल.

अलीकडे म्युनिशन्स इंडियाच्या ज्या जाहिराती निघतात त्यांत 'डेंजर बिल्डिंग वर्कर'च्या, म्हणजे स्फोटकांच्या इमारतीत काम करणाऱ्या कामगाराच्या, बऱ्याच जागा मुदतीच्या असतात. आधी एक वर्ष, मग काम पाहून वाढवत चार वर्षांपर्यंत. पगार बरा असतो, पण ती पेन्शनवाली नोकरी नव्हे. मग कशाला जायचं? याचं उत्तर पुढे देतो, कारण ट्रेडवर बोलल्याशिवाय ते पटणार नाही.

एओसीपी म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. वर सांगितलेल्या डेंजर बिल्डिंगच्या जागांना हाच ट्रेड लागतो, आणि तोही निर्माणीतच शिकाऊ उमेदवारी केलेला असेल तर उत्तम. नावात केमिकल असलं तरी निर्माणीत याचा अर्थ स्फोटकं भरणं, दाबणं, तोलणं, मिसळणं. माझा हा ट्रेड नव्हे, पण शिकवणाऱ्यांशी उठबस असल्यामुळे आतलं थोडं माहीत आहे. प्रत्येक इमारतीच्या दारावर दोन आकडे रंगवलेले असतात. आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि किती किलो स्फोटक. त्याला 'मॅन लिमिट' आणि 'एक्स्प्लोझिव्ह लिमिट' म्हणतात. लिमिट चार माणसांचं असेल तर पाचवा माणूस साहेब असला तरी बाहेर थांबतो, एक जण बाहेर आला की मग आत जातो. आत शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. कपडे सुती, बूट वेगळे, हत्यारं ठिणगी न पडणाऱ्या धातूची. मोबाइल आणि काडेपेटी गेटवरच. इमारतींच्या भोवती मातीचे उंच बांध असतात, म्हणजे एक गेली तर शेजारची वाचावी. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, ते तुम्ही वाचलं असेल. मी घाबरवत नाही, पण या ट्रेडला पोराला घालताना घरात हे बोललं गेलं पाहिजे. तुमचा मुलगा चप्पल कुठे काढतो, दिवे बंद करतो का, सांगितलेलं काम सांगितलेल्या क्रमानं करतो का, की "चालतंय" म्हणून मधली पायरी गाळतो? पायरी गाळणारा असेल तर एओसीपी नको. टक्के कितीही असोत.

एओसीपीची जमेची बाजू अशी की निर्माणीत नाही जमलं तरी रोहा, महाड, लोटे, तारापूर या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत हाच ट्रेड चालतो. नागपूरकडे खासगी स्फोटक कारखानेही आहेत. म्हणजे दार एकच नाही. धोकादायक कामाच्या शिकाऊ उमेदवारीला वय मात्र १८ पूर्ण लागतं, सोळाव्या वर्षी आयटीआयला गेलेलं पोर दोन वर्षांनी नेमकं तिथवर पोचतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर यांचं वेगळं आहे. वरणगावला रायफलच्या गोळ्या होतात. गोळीचं पितळी केस कसं होतं, माहीत आहे? जाड पितळी कप घ्यायचा, डायमधून म्हणजे पोलादी साच्यातून खेचायचा, खेचून तो कडक झाला की भट्टीत तापवून मऊ करायचा, पुन्हा खेचायचा. असं करत करत वाटीची नळी होते. हे करणारी मशीन्स दिवसाला ढिगानं माल काढतात. पण डाय जरा झिजली की भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मग ती डाय ओळखणारा, काढणारा, घासून परत बसवणारा माणूस लागतो. तो फिटर किंवा डाय मेकर. निर्माणीत त्याची किंमत ऑपरेटरपेक्षा जास्त असते, आणि चाकण-भोसरीच्या वर्कशॉपात त्याहून जास्त. म्हणून मला कुणी "एकच ट्रेड सांगा, पोराला काय आवडतं ते कळत नाही" म्हणालं तर मी फिटर सांगतो. दोन वर्षांचा आहे, आणि त्यातून कुठेही वळता येतं.

फिटरच्या पहिल्या महिन्यांत पोरं वैतागतात, हे आधीच सांगून ठेवा. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि कानस मारायची. दिवसभर. काटकोन लावून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की पुन्हा कानस. बाहेर रोबोट वेल्डिंग करतायत आणि आम्ही कानस काय मारतोय, असं एकानं मला तोंडावर विचारलं होतं. मी त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिलं. त्यावर ०.०२ मिलिमीटर वाचता येतं, डोक्याचा केस त्याच्या तिपटीहून जाड असतो. म्हटलं, या पट्टीची जाडी चारही कोपऱ्यांवर सांग. त्यानं चार वेगळे आकडे सांगितले. मग म्हटलं, आता न मोजता बोट फिरवून सांग, कुठला कोपरा वर आहे. तीन महिन्यांनी त्याला ते सांगता येत होतं. कानशीचं काम तेवढ्यासाठीच असतं. पट्टी नंतर भंगारातच जाते.

आता वेल्डर. इथे मला जरा जास्त लिहू द्या.

वेल्डरचा आयटीआय एक वर्षाचा. त्यामुळे फिटरमध्ये नंबर लागला नाही की पोरं इकडे येतात, आणि घरचे "फक्त वेल्डर" म्हणतात. गोदीत मात्र उलटं आहे. आयटीआयचं प्रमाणपत्र असलं तरी तुम्हाला जहाजाच्या प्लेटला हात लावू देत नाहीत. आधी परीक्षा. सपाट पडलेली प्लेट म्हणजे १जी, आडवा सांधा २जी, उभी प्लेट ३जी, डोक्यावरची ४जी. पाइप आडवा पण न फिरणारा असेल तर ५जी, आणि पंचेचाळीस अंशात तिरपा बांधलेला ६जी. जी पोझिशन पास, तेवढंच काम. ४जी नापास झालात तर छताखालचा सांधा तुम्हाला नाही. शिवाय बरेच दिवस ते काम केलं नाही तर पात्रता जाते, पुन्हा प्लेट मारून दाखवावी लागते. म्हणजे हा असा ट्रेड आहे की ज्यात तुमचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून ठेवता येत नाही.

कशासाठी एवढं? पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. तीनशे मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तीस किलो, म्हणजे अंगठ्याच्या नखावर एक शाळकरी पोर उभं. पाणबुडीच्या कवचाचे गोल घेर जिथे जोडले जातात त्या सांध्यावर हा दाब असतो. तिथलं पोलाद उच्च ताकदीचं असतं आणि अशा पोलादाचा एक वाईट गुण आहे. सांध्यात हायड्रोजन शिरला तर तडा लगेच पडत नाही. तुम्ही घरी जाता, जेवता, झोपता, आणि तो तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतल्या आत उघडतो. म्हणून अशा कामात तपासणी बहुधा अठ्ठेचाळीस तास थांबून करतात. हायड्रोजन येतो कुठून? ओलाव्यातून. रॉडच्या आवरणातल्या, प्लेटवरच्या, हातमोज्यातल्या. मुंबईचा जुलै महिना डोळ्यांसमोर आणा.

ज्या रॉडला आम्ही 'सत्तर-अठरा' म्हणतो, म्हणजे लो हायड्रोजन रॉड, तो भट्टीत तीनशे अंशांच्या वर भाजून घ्यायचा असतो. मग गरम डब्यात ठेवायचा, त्याला क्विव्हर म्हणतात, आणि लागेल तसा एकेक काढायचा. बाहेर ठेवून चहाला गेलात की तो रॉड परत भट्टीत. हे प्रत्येक शिकाऊला पहिल्याच आठवड्यात सांगतात आणि प्रत्येक जण एकदा तरी मोडतो.

मीही मोडलं. पावसाळ्यातली दुसरी पाळी होती. दोन फ्रेमच्या, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याच्या फासळ्यांच्या, मधे एक उभा सांधा, जेमतेम खांदे मावतील एवढी जागा. क्विव्हरची वायर तिथवर पोचत नव्हती, म्हणून मी सात-आठ रॉड बाहेर काढून प्लेटवर ठेवले आणि शेवटचे दोन-तीन तसेच वापरले. बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, दिसायला सुरेख. चिपिंग हॅमरनं स्लॅग, म्हणजे वरची कवची, उडवला तर माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी लय. आमचे उस्ताद होते, रत्नागिरीकडचे, वयानं वडिलांएवढे. ते आले, बॅटरी मारली, "छान" म्हणाले. मग त्यांनी क्विव्हर कुठे आहे ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "कुठून कुठपर्यंत?" मी खडूनं खूण केली. त्यांनी काही न बोलता ग्राइंडर मागवला आणि तेवढा तुकडा माझ्याकडूनच काढून घेतला. दोन तास गेले. सांध्याची एक्स-रे फिल्म काढली असती तर कदाचित त्यात काही दिसलंही नसतं. रजिस्टरमध्ये त्यांनी दुरुस्ती लिहिली, त्यापुढे सही माझी घेतली. मला वाटलं, आता आपलं संपलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला ४जीच्या परीक्षेला बसवलं.

हे मी का सांगतोय? संरक्षण कारखान्यासाठी माणूस तयार करायचा म्हणजे काय करायचं, यावर मी पुष्कळ बैठका ऐकल्या. त्यांत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन्स, असतं, रोबोटिक्स असतं, आणि ते लागतंच. पण तयार माल स्वीकारणारा तपासनीस, मग तो डीजीक्यूएचा, म्हणजे संरक्षण खात्याच्या गुणवत्ता तपासणीचा, असो की नौदलाच्या देखरेख पथकाचा, प्रत्येक सांधा फोडून पाहू शकत नाही. बरंचसं काम त्या माणसाच्या शब्दावर चालतं, ज्यानं ते केलं. "साहेब, इथे माझी चूक झाली" हे वाक्य जो पोरगा वेळेत बोलतो त्याला सांभाळून घेणारा उस्ताद लागतो, आणि जो लपवतो त्याला त्याच दिवशी बाजूला काढणारा. आयटीआयच्या अभ्यासक्रमात याला मार्क नाहीत. मी शिकवायला लागल्यावर एक पोरगा भेटला, त्यानं जॉब एका बाजूनं जास्त घासला आणि मग हातोडीनं कड ठोकून मापात आणला. मायक्रोमीटरनं माप बरोबर आलं. पास झाला असता. ठोकलेल्या कडेची चमक वेगळी दिसते म्हणून सापडला. हुशार होता तो, हातही चांगला होता. मी त्याला निर्माणीच्या फॉर्मवर शिफारस दिली नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

हात तयार करायला किती वेळ लागतो आणि तो किती लवकर वाया जातो, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण माझगावचंच आहे. जर्मन आराखड्याच्या दोन पाणबुड्या तिथे बांधल्या, शाल्की १९९२ ला नौदलात दाखल झाली, शंकुल १९९४ ला. त्यासाठी माणसं जर्मनीत शिकून आली होती. पुढे काम आलंच नाही. नव्या सहा पाणबुड्यांचा करार झाला तो २००५ ला, फ्रेंच आराखड्यावर. मधल्या दहा वर्षांत वेल्डर निवृत्त झाले, आखातात गेले, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेले. पुन्हा शून्यापासून पोरं उभी करावी लागली. त्यांतली पहिली कलवरी डिसेंबर २०१७ ला दाखल झाली आणि सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ ला, सुरत आणि निलगिरी या युद्धनौकांबरोबर एकाच दिवशी. उशिराला इतर कारणंही होती, सगळं वेल्डरांवर ढकलत नाही. पण तुम्ही आई म्हणून एवढं लक्षात घ्या की अशा जागी नोकरीचा पक्केपणा कारखान्याच्या नावावर कमी आणि हातातल्या ऑर्डरवर जास्त अवलंबून असतो. म्हणूनच आता बाजार बरा आहे असं मी म्हणतो. २०२४-२५ मध्ये देशाचं संरक्षण उत्पादन सुमारे १.५१ लाख कोटी रुपयांवर गेलं. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत तेजस लढाऊ विमानाची नवी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, तीही तुमच्यापासून फार लांब नाही. तळेगाव, चाकण, नागपूर इथले खासगी कारखाने आणि त्यांना सुटे भाग करून देणारे शेकडो छोटे वर्कशॉप यांना माणसं मिळत नाहीत.

आणि इथेच मघाच्या "मग कशाला जायचं?"चं उत्तर आहे. मुदतीची नोकरी असो की एका वर्षाची शिकाऊ उमेदवारी, तिथून पोरगा जे घेऊन बाहेर पडतो ते म्हणजे ड्रॉइंग वाचून, मोजून, लिहून काम करायची सवय. खासगीवाले त्यालाच पैसे देतात. मी शिकवलेल्यांपैकी कायम झाले ते थोडे. बाकीचे कोण पुण्यात तपासणीत आहेत, एकाचं भोसरीत स्वतःचं जिग-फिक्स्चरचं (काम करताना जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनांचं) दुकान आहे, दोघं गोव्याकडे जहाजकामात गेले. बेकार मात्र मला फारसं कोणी आठवत नाही. अपवाद आहेत, पण ते दारूचे आहेत.

आता आयटीआय कोणती निवडायची. लोक ट्रेडवर महिनाभर चर्चा करतात आणि संस्था जवळची म्हणून घेतात. मी उलटं करा म्हणेन. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी एखाद्या साध्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, पोराला घेऊन दोन-तीन संस्थांमध्ये जा. प्राचार्यांच्या खोलीत बसू नका, वर्कशॉपकडे जा. भंगाराच्या पेटीत डोकवा. वेल्डिंगच्या विभागात वापरलेल्या रॉडची थोटकं आणि कापलेल्या प्लेटचे तुकडे ढिगानं पडलेले असतील तर तिथे काम होतं. फरशी चकचकीत आणि पेटी रिकामी असेल तर पोरं वहीत वेल्डिंग शिकतायत. नवीन मशीन प्लास्टिकच्या आवरणात असेल तर कधी चालू होते ते विचारा. शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे, कोण आहेत, त्या ट्रेडला नेमलेले आहेत की दुसऱ्या ट्रेडचे 'अतिरिक्त कार्यभार' सांभाळतायत, तेही विचारा. यात उद्धटपणा काही नाही, सरळ माणूस सरळ उत्तर देतो. केंद्राची पीएम-सेतू नावाची साठ हजार कोटींची योजना २०२५ मध्ये आली, एक हजार आयटीआय सुधारणार म्हणतात. मशीन येतील. पण रॉड, प्लेट, पितळ हा रोज संपणारा माल आणि शिकवणारा माणूस या दोन ठिकाणी आपलं घोडं नेहमी अडतं, उद्घाटनाची फीत तिथे बांधता येत नाही.

शिकाऊ उमेदवारीचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी पोरानं स्वतः करावी, सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर देऊ नये. दर वर्षी दोन-चार पोरांची बोलावणी त्यातच हरवतात. दहावीच्या मार्कलिस्टवरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं करून घ्या, कारण या कारखान्यांत पोलीस पडताळणी होते आणि तिथे 'रामचंद्र' आणि 'रामचंद' दोन वेगळी माणसं असतात. निर्माण्यांची निवड बहुतेक वेळा दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर लागते, म्हणून ६८ टक्के बरे आहेत, आयटीआयला ऐंशीच्या पुढे काढायला सांगा. माझगावला तीन गट असतात. दहावी उत्तीर्णांचा, आयटीआय उत्तीर्णांचा आणि आठवी उत्तीर्णांचा. तिथे परीक्षा असते. दहावीच्या गटातून तो थेट यंदाच प्रयत्न करू शकतो, वय आणि जाहिरातीची तारीख जुळली तर. आयटीआयचा प्रवेशही घेऊन ठेवा, एकावर विसंबू नका. विद्यावेतन २०१९ च्या नियमांत पात्रतेप्रमाणे किमान पाच ते नऊ हजार असं ठरलं होतं. मुंबईत त्यात भागत नाही, घरून थोडं पाठवावं लागेल. पहिल्या महिन्यात पोरगा फोनवर "परत येतो" म्हणेल. माझा भाचाही म्हणाला होता.

डिप्लोमाचं म्हणाल तर तो रस्ता बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एक वर्ष जास्त जातं, पण हात आलेला असतो. पोराला गणिताची भीती नसेल आणि घरची ओढाताण नसेल तर सरळ डिप्लोमाही चूक नाही. पण "आयटीआय म्हणजे कमीपणा" एवढ्याच कारणासाठी डिप्लोमाला घालू नका. डिप्लोमा होऊन शॉप फ्लोअरवर आलेली आणि मायक्रोमीटर उलटा धरणारी पोरं आमच्याकडे दर वर्षी यायची. उलट शिकवायची आवड लागली तर आयटीआयनंतर एक वर्षाचं निदेशक प्रशिक्षण असतं, मुंबईत चुनाभट्टीला त्याची केंद्राची संस्था आहे. चांगल्या निदेशकांची टंचाई वेल्डरांपेक्षाही जास्त आहे.

तर माझं मत: पहिली पसंती फिटर, संस्था पाहून. वरच्या कसोटीला उतरणारा शिस्तीचा पोरगा असेल आणि वरणगावातच राहायचं असेल तर एओसीपी. आगीची भीती नसेल, हात स्थिर असेल, तर वेल्डर, पण मग एक वर्षावर थांबायचं नाही, पाइप आणि ६जीपर्यंत जायचं.

राहिलं डावखुरेपणाचं. लेथ आणि मिलिंगची हँडल उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली असतात, पहिले दोन-तीन महिने तो चाचपडेल, मग सवय होते. त्याला जबरदस्तीनं उजवा करू नका. चालत्या मशीनवर नको तो हात पुढे जाण्यात धोका असतो, म्हणून निदेशकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वेल्डिंगमध्ये तर तो फायद्यात आहे. जहाजाच्या दुहेरी तळात, दोन फ्रेमच्या मधे, अशा बेचक्या असतात की उजव्या हाताचा होल्डर आत जातच नाही. आमच्या गँगमध्ये अठरा जण होतो, त्यात एकच डावखुरा, कुडाळचा. तसा सांधा आला की फोरमन बाकी कोणाला विचारायचाच नाही, वरून खाली ओरडायचा, "डावऱ्याला पाठवा रे." त्याचा ओव्हरटाइम आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त निघायचा.